परक्या हातचें अन्न : मुंबईच्या उपाहारगृहांची कथा

मुंबईंतील कोणत्याहि मध्यम प्रतीच्या शाकाहारी उपाहारगृहांत रविवारीं सायंकाळीं डोकावून पाहावें. एकाच टेबलाभोंवतीं तीन पिढ्या बसलेल्या दिसतात. आजोबांच्या पुढें इडली-सांबार असतें, आईवडील डोसा वांटून घेत असतात, आणि नातवंडें 'गोबी मंचुरियन' नांवाच्या तांबड्यालाल पदार्थावर तुटून पडलेलीं असतात. इडली आली दक्षिणेकडून, लाल पदार्थाचें नांव चिनी, वाढणारा मुलगा बहुधा परप्रांतीचा, आणि खाणारें कुटुंब साताऱ्याकडचें अथवा कोंकणांतलें. हें अन्न कोणी शिजविलें, असा प्रश्न त्या टेबलावरील कोणाच्याहि मनांत येत नाहीं. परंतु अवघ्या सवाशें वर्षांपूर्वीं याच शहरांत, बाहेर जेवावयास बसणाऱ्या माणसाच्या मनांत येणारा पहिला प्रश्न हाच होता. पदार्थ कोणता, आणि त्याची किंमत काय, हे प्रश्न त्याच्या मागून येत. हा प्रश्न मुंबईकरांच्या जिभेवरून कसा नाहींसा झाला, आणि तो खरोखरीच नाहींसा झाला आहे काय, हें पाहणें म्हणजेच या शहराच्या उपाहारगृहांचा इतिहास पाहणें होय.

जुन्या काळीं जेवण हा केवळ पोट भरण्याचा व्यवहार नव्हता. वरच्या म्हणविणाऱ्या जातींत तो एक धर्मविधीच होता. सोंवळें नेसून शिजविलेलें अन्न, आंखून दिलेली पंगत, आणि कोणी कोणाच्या शेजारीं बसावें याविषयींचे कडक निर्बंध, हें सर्व लहान मुलासहि ठाऊक असे. जातीजातींतील संबंधांना 'रोटी-बेटी व्यवहार' असें नांव आहे. त्यांत रोटीचा उच्चार बेटीच्या आधीं होतो, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. प्रवासास निघालेला मनुष्य कोरडा शिधा बरोबर घेई व वाटेंत नदीकांठीं तीन दगडांची चूल मांडून स्वतःच्या हातानें भात शिजवी. तसें करणें शक्य नसेल तर घरून दशम्या बांधून घेई. कणीक पाण्याऐवजीं दुधांत भिजविली म्हणजे विटाळाचा दोष कमी होतो, अशी समजूत होती. अशा समाजांत, दाम मोजून परक्या हातचें अन्न खावयाचें, तेंहि अनोळखी माणसाच्या शेजारीं बसून, ही कल्पनाच मुळीं धर्मबाह्य होती.

या बंधनाला पहिला धक्का मुंबईंतच बसला, पण तो चोरून. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग व त्यांचे स्नेही यांनीं परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडावा हा तिचा एक मुख्य उद्देश होता. सभेंत प्रवेश करणाऱ्या सभासदास परधर्मीयानें भाजलेला पाव खावा लागे. पाव हा शब्दहि पोर्तुगीज आणि तो भाजणारा भटारीहि ख्रिस्ती. तो एक तुकडा घशाखालीं उतरविणें ही त्या तरुणांची खरी परीक्षा होती. परंतु सभेचे सर्व व्यवहार गुप्त ठेवलेले होते. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी चोरीस गेली, आणि तीं नांवें प्रसिद्ध होतील या भयानेंच सभा मोडली. एका पावाच्या तुकड्याचें ओझें त्या काळच्या सुशिक्षित माणसास किती जड वाटत होतें, याचा याहून बोलका पुरावा दुसरा कोणता द्यावा?

त्यानंतर तीस वर्षांनीं पुण्यांत जें घडलें, तें तर सर्वविश्रुत आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें झालेल्या एका समारंभांत पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखीं मातबर मंडळी तेथें हजर होती. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्यास हात लावला. गोपाळराव जोशी या खटपटी गृहस्थानें ही हकीकत 'पुणें वैभव' पत्रांत छापून आणिली, आणि सारें पुणें पेटलें. ग्रामण्य झालें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें पुढें केलें. रानड्यांनींहि अखेर प्रायश्चित्त घेतलें व आपल्याच अनुयायांचा रोष ओढवून घेतला. एका पेलाभर चहासाठीं देशांतील दोन श्रेष्ठ पुरुषांस समाजापुढें उत्तर द्यावें लागलें!

याच सुमारास मुंबईंत मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला होता. पुण्याचा ब्राह्मण चहा टाळूं शकत होता, कारण त्याचें घर दोन गल्ल्यांपलीकडे होतें. मुंबईंत कोट भागांतील कचेरींत काम करणाऱ्या कारकुनाचें बिऱ्हाड गिरगांवांत, तर पुढें दादर-परळास. दुपारच्या भुकेस त्यानें काय करावें? यावर शहरानें दोन उत्तरें शोधून काढलीं. पहिलें उत्तर डब्याचें. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं डबे पोंचविण्याचा धंदा सुरू केला असें सांगतात. मावळ-जुन्नरकडचे कष्टाळू गडी घरोघरचे डबे गोळा करून कचेरींत नेऊन देऊं लागले. डबेवाल्यांच्या शिस्तीचें कौतुक आज जगभर होतें. परंतु त्या धंद्याच्या मुळाशीं घरच्या अन्नाची ओढ आणि परक्या अन्नाची भीति, या दोन्ही गोष्टी होत्या, हें विसरतां कामा नये. दुसरें उत्तर खाणावळीचें.

१८५४ सालीं मुंबईंत कापडाच्या पहिल्या गिरणीचा पाया घातला गेला, आणि पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा टापू गिरणगांव बनला. कोंकण व घाट यांतून आलेले हजारों पुरुष बायकामुलें गांवीं ठेवून एकेका खोलींत दाटीवाटीनें राहूं लागले. त्यांना दोन वेळां जेवूं घालणारी बाई म्हणजे खाणावळवाली. कोणी विधवा, कोणी नवऱ्याच्या तुटपुंज्या पगारांत संसार रेटणारी. ती पहांटे उठून भाकरी बडवी, कालवण करी आणि महिन्याच्या बोलीनें पांच-पंचवीस गड्यांस वाढी. या खाणावळी बहुधा एकाच जातीच्या अथवा एकाच गांवच्या लोकांच्या असत. म्हणजे गांवची पंगतच जणुं आगगाडींत बसून मुंबईस आली होती. या बायांच्या कष्टांना मान व भांडवल मिळण्यास मात्र फार उशीर लागला. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें, तेव्हां कुठें या स्त्रियांस सावकाराऐवजीं बँकेचें दार उघडलें.

मध्यम वर्गासाठीं निराळीं गृहें निघालीं. क्रॉफर्ड मार्केटनजीकचें सरदारगृह हें त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. राहण्याची व जेवण्याची सोय असलेल्या या वास्तूंत लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे उतरत, आणि तेथेंच १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांचें देहावसान झालें. ज्या पुरुषास तीस वर्षांपूर्वीं एका चहाबद्दल जाब द्यावा लागला, त्याची अखेर एका वसतिगृहाच्या खोलींत व्हावी, आणि त्याविषयीं कोणी ब्रहि काढूं नये, हा बदल लहान नव्हे. १९१० सालीं दादरला मामा काणे यांचें उपाहारगृह निघालें, तेव्हां त्याच्या नांवांतच 'स्वच्छ' हा शब्द होता. त्या काळच्या पाट्यांवर 'स्वच्छ', 'शुद्ध', 'ब्राह्मणी' असे शब्द दिसत. त्यांचा अर्थ केवळ भांडीं घांसलेलीं आहेत एवढाच नसे. आंत येण्यास कचरणाऱ्या माणसाला दारावरच दिलेला तो दिलासा होता. 'भिऊं नका, शिजविणारा हात आपल्यापैकींच आहे,' असें ती पाटी सांगे.

नेमका हाच दिलासा उडुपीकरांनीं अधिक व्यापक प्रमाणावर दिला. उडुपी हें पूर्वीच्या दक्षिण कानडा जिल्ह्यांतील क्षेत्र. तेराव्या शतकांत मध्वाचार्यांनीं तेथें श्रीकृष्णाची स्थापना केली व आठ मठ घालून दिले. या मठांच्या स्वयंपाकघरांत हजारों माणसांचें जेवण एका वेळीं, ठराविक विधीनें व कांदा-लसूण वर्ज्य करून शिजविण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं तिकडील तरुण पोटासाठीं मद्रास, बंगलूर व मुंबई या शहरांत पांगले, तेव्हां त्यांच्यापाशीं भांडवल म्हणून ही विद्याच होती. मुंबईंत माटुंगा हें त्यांचें माहेरघर बनलें. तेथील दाक्षिणात्य कारकुनांस घरचा भात-सांबार हवा होता, आणि १९४२ सालीं माटुंगा स्टेशनाजवळ ए. रामा नायक यांनीं श्रीकृष्ण बोर्डिंग काढून केळीच्या पानावर तो वाढला. आरंभीं हीं स्थळें कानडी व तामीळ माणसांसाठींच होतीं. पण इडली-डोशाची महति लौकरच मराठी व गुजराती वस्त्यांत पोंचली. स्वस्त दर, झटपट वाढप, पाटावरची मांडी सोडून संगमरवरी टेबल, आणि आचारी मठाच्या परंपरेंतला. ज्या गृहिणीनें आयुष्यांत बाहेरचा घांस घेतला नव्हता, तिलाहि नवऱ्याबरोबर उडुप्याकडे जाण्यास हरकत वाटेना. सोंवळ्याच्या आधारानेंच सोंवळें सैल झालें, असा हा विलक्षण प्रकार होय.

यांतील दुसरी वाट इराण्यांनीं पाडली. इराणांतील यझ्द व कर्मान या प्रांतांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या झरथोस्ती मंडळींनीं नाक्यानाक्यावर चहाचीं दुकानें थाटलीं. धोबीतलाव येथील कयानी १९०४ सालचें. इराण्याच्या दुकानीं शुद्धतेचा दिलासा नव्हता. तेथें फक्त वाफाळलेला चहा, ब्रून पाव आणि कितीहि वेळ बसण्याची मुभा होती. विद्यार्थी, चळवळे, सट्टेवाले, कवि आणि गिरणी-कामगार हे तेथें एकाच छताखालीं बसले. पुण्याच्या चहाचें प्रायश्चित्त मुंबईच्या इराण्यानें कायमचें रद्द करून टाकलें, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

परंतु या साऱ्या कथेस एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून कथा खरी होत नाहीं. हीं दारें सर्वांस सारखीं उघडीं नव्हतीं. ज्यांस समाजानें अस्पृश्य मानलें, त्यांच्यासाठीं गांवोगांवच्या चहाच्या दुकानांत वेगळी कपबशी बाहेरच्या कोनाड्यांत ठेवलेली असे. ती त्यांनींच उचलावयाची व त्यांनींच धुवावयाची. मुंबईच्या गिरण्यांतहि त्यांस विणकामाच्या खात्यांत घेत नसत, कारण कांडी बदलतांना सुताचें टोंक तोंडानें ओढावें लागे, आणि तोंडाचा तो विटाळ इतर कामगारांस खपत नसे. या खात्यांत पगार अधिक होता. म्हणजे विटाळाच्या कल्पनेनें मान तर जाईच, भाकरीहि जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाणी घेतलें, त्याच्या मागें ही सारी कपबश्यांची कहाणी उभी होती. समतानंद अनंत हरि गद्रे यांनीं झुणका-भाकरीच्या प्रसादाचीं सहभोजनें घडवून आणलीं, तीं याच रोगावर उतारा म्हणून. अखेर २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेंत, पंधराव्या कलमानें, दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें यांत जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासहि मज्जाव करतां येणार नाहीं, असें स्पष्ट लिहिलें गेलें. एका राष्ट्राच्या घटनेंत उपाहारगृहाचा मुद्दाम उल्लेख करावा लागतो, यावरूनच त्या टेबलाचें महत्त्व कळून येतें.

आतां या शहरांतील दुसऱ्या, अधिक दूरच्या पाहुण्याकडे वळावयाचें. मुंबईचा चीनशीं संबंध फार जुना. १७९९ सालीं जमशेटजी जिजीभाई प्रथम चीनला गेले. त्यांच्यासारख्या व्यापाऱ्यांचीं गलबतें कापूस व अफू घेऊन कँटनला जात आणि चहा, रेशीम व चिनी मातीचीं भांडीं घेऊन परतत. पारशी स्त्रियांचा भरतकामाचा 'गारा' व सुरतेकडची 'तनछोई' हीं त्याच व्यापाराचीं अपत्यें. मुंबईच्या संपत्तीचा मोठा भाग या व्यापारांतून आला; आणि तो अफूचा असल्यामुळें चीनच्या दुःखांतून आला, हेंहि तितकेंच खरें.

त्या वाटेनेंच कांहीं चिनी माणसेंहि इकडे आलीं. हिंदुस्थानांतील त्यांचें मुख्य ठाणें कलकत्ता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अछिउ नांवाच्या चिनी गृहस्थानें वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून कलकत्त्याजवळ साखरेचा कारखाना काढला. त्या गांवास अजून अछिपूर म्हणतात. पुढें कँटनकडचे सुतार, हक्का जातीचे चांभार व चामडें कमावणारे, हूपे प्रांतांतील दांतांचे कारागीर अशी वस्ती तेथें वाढली. मुंबईंतील वसाहत त्या मानानें लहान. ती माझगांवच्या गोदीभोंवतीं जमली, कारण त्यांतील पुष्कळ जण आगबोटींवरील खलाशी व सुतार होते. तेथें त्यांनीं बांधलेलें एक लहानसें देऊळ अजून उभें आहे. कोणी जोडे शिवी, कोणी दांत बसवी, कोणी रेशमाचें गांठोडें घेऊन बंगल्याबंगल्यांत फिरे. आणि कांहींनीं, परक्या मुलखांत गेलेला मनुष्य जें नेहमींच करीत आला आहे, तें केलें: आपल्या लोकांसाठीं चूल पेटविली. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास कुलाब्यास नानकिंग व चर्चगेटला कामलिंग अशीं चिनी उपाहारगृहें नांवारूपास आलीं. तेथील गिऱ्हाईक मुख्यतः पारशी, ख्रिस्ती, युरोपियन आणि थोडे धीट हिंदु. सामान्य मराठी घरांत चिनी जेवणाविषयीं 'बेडूक-झुरळें खातात' याहून अधिक माहिती नव्हती.

आणि तरीहि त्याच काळांत चीनविषयीं या देशांत खरा जिव्हाळा होता. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते तेथेंच राहिले, चिनी भाषा शिकले, चिनी सहकारिणीशीं विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच मरण पावले. त्यांच्या चरित्रावर १९४६ सालीं व्ही. शांतारामांनीं बोलपट काढला. एक सोलापुरी तरुण परक्यांच्या हातचें अन्न खाऊन परक्यांसाठीं मेला. या गोष्टीनें महाराष्ट्राचे डोळे पाणावले होते.

पुढें वीस वर्षांनीं, २० ऑक्टोबर १९६२ रोजीं, चिनी फौजा हिमालय उतरल्या. देशाचा संताप स्वाभाविक होता. पण त्याचें पहिलें लक्ष्य झाले ते येथें जन्मलेले, येथल्या भाषा बोलणारे चिनी वंशाचे लोक. मुख्यतः आसाम व उत्तर बंगालमधून सुमारें तीन हजार माणसें, त्यांत स्त्रिया, मुलें, म्हातारे, हीं आगगाडींत घालून राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेऊन ठेवण्यांत आलीं. लढाई महिन्याभरांत संपली, पण छावणींतील शेवटचीं माणसें १९६७ पर्यंत अडकून होतीं. मुंबईच्या चिनी कुटुंबांवरहि संशयाची छाया पडली. पुष्कळांनीं पुढील वर्षांत कॅनडा व इतर देशांचा रस्ता धरला, आणि माझगांवची मूळची लहान वस्ती अधिकच विरळ झाली.

याच दशकांत उडुपीकरांचीहि परीक्षा झाली. १९६६ सालीं स्थापन झालेल्या शिवसेनेच्या आरंभींच्या वर्षांत दाक्षिणात्यांविरुद्ध जी चळवळ चालली, तींत उडुपी उपाहारगृहांवर दगड पडले. ज्या डोशावर शहर लुब्ध झालें होतें, तो डोसा घालणारा हात मात्र त्यास परका वाटला. मराठी तरुणांच्या बेकारीचा प्रश्न खरा होता, त्याची उपेक्षा करून चालणार नाहीं. परंतु त्याचा राग निघाला तो फुटलेल्या कांचांवर. चिनी माणूस आणि उडुपी माणूस यांच्या बाबतींत शहरानें एकच चूक दोनदां केली. ताट जवळ ओढलें आणि ताट देणारास दूर लोटलें.

गंमत अशी कीं, चिनी माणसें कमी होत गेलीं आणि चिनी जेवण वाढत गेलें. कलकत्त्यास जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वँग मुंबईस आले होते. १९७५ सालीं क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्यें एका गिऱ्हाइकानें कांहीं निराळें करून मागितलें, तेव्हां त्यांनीं लसूण, आलें व हिरवी मिरची परतून, गरम मसाल्याऐवजीं सोयाबीनचा काळा रस घालून, मक्याच्या पिठानें दाट केलेल्या रश्शांत कोंबडीचे तुकडे सोडले, अशी हकीकत ते स्वतः सांगत. त्या पदार्थाचें नांव मंचुरियन. मंचुरियाच्या रहिवाशास तो दाखविला तर ओळखतां येणार नाहीं! परंतु मुंबईकरानें तो तत्काळ ओळखला, कारण आलें-लसूण-मिरचीची फोडणी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरांतलीच होती.

येथें शाकाहारी व चिनी हे दोन प्रवाह एकत्र आले. उडुपीकर चाणाक्ष, त्यानें कोंबडी काढून फुलकोबी घातला, पनीर घातलें, आणि हा पदार्थ डोशाच्या शेजारीं नेऊन बसविला. जैन गिऱ्हाइकांसाठीं लसूण व कांदाहि वगळला, म्हणजे ज्या लसणीवर हा पदार्थ उभा होता, तीहि गेली, तरी नांव राहिलें. डोशाच्या पोटांत शेवया भरून 'चायनीज डोसा' झाला. तळलेल्या शेवयांची भेळ झाली. १९८२ च्या जानेवारींत अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला व गिरणगांव मोडलें. खाणावळींच्या चुली थंडावल्या. पुढील वर्षांत त्याच रस्त्यांवर वडापावच्या व लाल पाट्यांच्या चायनीज गाड्या उभ्या राहिल्या. त्यांवर कढई परतणारा हात चिनी नाहीं. तो मराठी, नेपाळी, बिहारी, कोणाचाहि असतो.

त्या एका बशींत काय काय आहे, हें क्षणभर पाहावें. मिरची अमेरिकेंतून पोर्तुगिजांनीं आणलेली. तिच्यावांचून आज आमटी होत नाहीं. मकाहि अमेरिकेचाच. फुलकोबी इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत रुजविला. सोयाबीनचा रस चीनचा. 'अजिनोमोटो' म्हणून जी पांढरी पूड चिमूटभर टाकतात, ती तर चिनीहि नव्हे. १९०८ सालीं इकेदा नांवाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञानें समुद्रवनस्पतींच्या काढ्यांतून तिचें मर्म शोधून काढलें. म्हणजे निरनिराळ्या खंडांतील शेतकरी, खलाशी, शास्त्रज्ञ व आचारी यांचे हात त्या एका बशीस लागलेले आहेत. परमहंस सभेच्या तरुणांनीं चोरून खाल्लेला पावाचा तुकडा या बशीपुढें अगदींच सोंवळा म्हणावा लागेल!

तर मग शिजविणाऱ्या हाताचा तो जुना प्रश्न खरोखर संपला काय? उपाहारगृहाच्या दारावर तो संपला, हें निःसंशय. आणि ही मिळकत लहान नाहीं. तिच्यासाठीं कोणी प्रायश्चित्तें घेतलीं, कोणी मार खाल्ला, कोणी तळ्यावर चालून गेले. परंतु दारावरून हांकललेला प्रश्न कधीं कधीं मागील बाजूनें घरांत शिरतो. आज याच शहरांत, भाड्यानें जागा मागणाऱ्या कुटुंबास 'तुम्ही काय खातां?' असें विचारलें जातें, आणि उत्तरावरून दार उघडतें किंवा लागतें. पूर्वीं शाकाहारी टेबलानें भित्र्या माणसास बाहेर येण्याचें धैर्य दिलें. तोच शाकाहार आतां कोठें कोठें दुसऱ्यास बाहेर ठेवण्याची भिंत होऊं पाहतो. अन्नाची निवड ज्याची त्यानें करावी, त्यांत कोणाचें वैर नाहीं. परंतु निवडीची तटबंदी झाली म्हणजे पुन्हा कोनाड्यांतील कपबशीकडे जाणारी वाट सुरू होते.

आणि दुसरीहि एक गोष्ट आहे. हात कोणाचा, हें विचारूं नये, हें खरें. पण त्या हाताची आठवणच ठेवूं नये, असा त्याचा अर्थ नव्हे. खाणावळवालीची भाकरी खाल्ली व तिचें कर्ज कोणी पाहिलें नाहीं. उडुप्याचा डोसा खाल्ला व त्याच्या कांचा फोडल्या. चिनी शेवया खाल्ल्या आणि देवळीच्या छावणीचें नांवहि पाठ्यपुस्तकांत शोधावें लागतें. जातीचा विटाळ जाऊन त्याच्या जागीं नुसता विसर आला, तर सुधारणा अर्धीच झाली असें म्हणावें लागेल.

माझगांवच्या त्या लहानशा देवळांत चिनी नववर्षाच्या दिवशीं शहरांत उरलेलीं थोडीं कुटुंबें आजहि जमतात, उदबत्त्या लावतात व पितरांपुढें फळें ठेवतात. त्याच सायंकाळीं शहरांतील असंख्य टेबलांवर त्यांच्या देशाच्या नांवाचे पदार्थ वाढले जात असतात, आणि खाणारांस त्या देवळाचा पत्ताहि ठाऊक नसतो. आपल्याकडे घांस घेण्यापूर्वीं चित्राहुति घालण्याची चाल होती. ताटाबाहेर चार शितें ठेवून न दिसणाऱ्यांचें स्मरण करीत. ती चाल आतां उपाहारगृहाच्या टेबलावर चालणार नाहीं, आणि चालावी असेंहि नाहीं. परंतु नातवंडांनीं मंचुरियनची बशी संपविल्यावर आजोबांनीं त्यांस हें अन्न कोठून कोठून आलें, आणि तें आणणारांचें पुढें काय झालें, एवढें सांगितलें, तरी त्या न दिसणाऱ्यांचें स्मरण घडेल.